फ्रेम नेमकी कुठे गळते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवरात्र सरून दिवाळीची साफसफाई निघाली की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या माळ्यांवरून जुन्या व्हिडिओ कॅसेटी खाली उतरतात. लग्नाची व्हीएचएस, मुंजीची व्हिडिओ-एट, बारशाची मिनीडीव्ही. घरच्या संगणकावर त्या उतरवून घ्यायला बसले की पडद्याच्या कोपऱ्यातला ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा, म्हणजे व्हिडिओतल्या हुकलेल्या सुट्या चित्रांचा, आकडा वाढू लागतो. मग दुकानदारापासून शेजारच्या इंजिनीअर मुलापर्यंत सगळे एकच सांगतात: संगणक जुना झाला, नवा घ्या. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि पन्नास-साठ हजारांना पडतो, म्हणून हे पत्र.

आधी हिशेब पाहू. आपल्याकडचे व्हिडिओ पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीचे आहेत. सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, संगणकात आल्यावर ७२० बाय ५७६ ठिपक्यांची. मिनीडीव्ही कॅमेऱ्यातून फायरवायरने (कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या डिजिटल वायरने) येणारा माल सेकंदाला सुमारे ३.६ एमबी, म्हणजे तासाला १३ जीबी. व्हीएचएस कुठलीही काटछाट न करता उतरवली तरी सेकंदाला २१ एमबीच्या आत, तासाला ७५ जीबीच्या आसपास. हफीयुव किंवा लॅगरिथसारखे माहिती न गमावता फाइल आवळणारे कोडेक लावले, तर तेच साधारण २५ ते ३५ जीबीत बसते. पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकालाही हे ओझे जड नाही. तरीही फ्रेम गळत असेल तर कारण बहुधा दुसरीकडे असते.

गळणे म्हणजे काय तेही नीट पाहायला हवे. अंतरपाट दूर होतो, नवरी हार घेऊन हात उचलते, आणि पुढच्याच क्षणी हार नवऱ्याच्या गळ्यात दिसतो. मधल्या दहा फ्रेम, ०.४ सेकंद, गेल्या. त्यापुढे भटजींचे ओठ आणि ‘सावधान’ यांची फारकत होते ती कॅसेट संपेपर्यंत टिकते, कारण आवाज मात्र गळलेला नसतो. याउलट पडद्यावर पांढऱ्या रेघा मारणे, मिनीडीव्हीत चौकोनी ठोकळे उमटणे, हा टेपवरचा चुंबकीय थर उडाल्याचा किंवा टेप वाचणारे हेड मळल्याचा प्रकार. त्यात फ्रेम येते, फक्त खराब येते, आणि आकडा हलत नाही. या दोन आजारांना एकच औषध देण्यात लोकांचे महिने जातात.

निदानासाठी पहिली कसोटी सोपी. कॅसेटमधली तीच पाच मिनिटे दोनदा उतरवा आणि आकडा कुठे कुठे उडी मारतो ते मिनिट-सेकंदासह कागदावर लिहा. दोन्ही वेळा त्याच जागी फ्रेम गळली तर दोष टेपचा किंवा प्लेअरचा. वेगवेगळ्या जागी गळली तर संगणकाचा. पहिल्या सेकंदापासून सतत गळत असेल तर काहीतरी जुळणी चुकली आहे. सुरुवातीला सगळे ठीक आणि पंधरा-वीस मिनिटांनी धबधबा सुरू होत असेल, तर डिस्क किंवा उष्णता. आणि ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखी एकेक फ्रेम जात असेल तर दोष खरोखरच घड्याळाचा असतो, त्याविषयी पुढे.

दुसरी कसोटी, टेप बाजूला ठेवून. घरच्या सेट-टॉप बॉक्सच्या मागे पिवळी-पांढरी-लाल एव्ही आउटपुटची भोके असतील, तर तीच वायर कॅप्चर डबीला (व्हीसीआरचे चित्र यूएसबीने संगणकात नेणाऱ्या डबीला) लावा आणि पंधरा मिनिटे कोणतीही वाहिनी उतरवा. सेट-टॉप बॉक्सचा सिग्नल स्थिर असतो. त्यावर एकही फ्रेम गळली नाही आणि व्हीसीआर लावताच गळू लागली, तर संगणकाला दोष देणे थांबवा. मिनीडीव्हीवाल्यांनी कॅमेरा प्लेबॅकऐवजी शूटिंगच्या मोडमध्ये ठेवून, लेन्सवर झाकण तसेच असू देऊन, दहा मिनिटे नुसता अंधार संगणकात उतरवावा. टेप फिरत नसतानाही फ्रेम गेल्या तर वायर, कार्ड किंवा संगणक.

आता टेपकडे वळू, कारण व्हीएचएसच्या बाबतीत दहापैकी सात-आठ वेळा गाडी इथेच अडते असे माझे मत आहे. व्हीसीआरमध्ये टेप यंत्राने ओढली जाते, त्यामुळे चित्राच्या ओळी एकसारख्या अंतराने येत नाहीत; कधी किंचित लवकर, कधी किंचित उशिरा. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला हा डगमगाट चालून जायचा. कॅप्चर डबीतली चिप मात्र प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीची खूण शोधत असते. ती खूण पुसट आली की तिच्या लेखी ती फ्रेम आलीच नाही. व्हर्च्युअलडब या उतरवण्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘ड्रॉप्ड’ (गळलेल्या) आणि ‘इन्सर्टेड’ (भरीला घातलेल्या) असे दोन आकडे दिसतात. दोन्ही जोडीने वाढत असतील तर सिग्नल डगमगतो आहे हे जवळजवळ नक्की.

उपाय स्वस्तापासून सुरू करावा. कॅसेट आधी पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षे एका कुशीवर पडून सैल-घट्ट झालेले वेटोळे सारखे बसते. त्याआधी कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडा पाहा. खाडीच्या दमट हवेत ठेवलेल्या कॅसेटींवर पांढरी पूड दिसते. ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका, कारण तीच पूड हेडवर बसते आणि नंतरच्या प्रत्येक कॅसेटला लागते. तिला वेगळी पिशवी, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि काम जाणकाराकडे. चांगल्या कॅसेटीच्या मागच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी टिकली मोडलेली आहे ना तेही पाहा. नसेल तर मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी मुंज पुसली जाणार नाही.

मग ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या पट्ट्यांवर नेमके बसवणे. आपोआप ट्रॅकिंग बंद करून हाताने जुळवा; चित्रातला वळवळणारा पट्टा खाली सरकत नाहीसा झाला पाहिजे. अगदी तळाशी आठ-दहा ओळींची फाटकी किनार उरते, ती प्रत्येक व्हीएचएसला असते, तिच्यामागे लागू नका. व्हीसीआरच्या मेनूत ‘ब्लू बॅक’ असेल तर बंद करा. सिग्नल क्षणभर अशक्त झाला की हे फीचर पडदा निळा करते, आणि त्या अदलाबदलीत पाच-दहा फ्रेम हमखास जातात. हेड पुसायचे असतील तर व्हीसीआरची पिन काढून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल शॅमॉय कातड्याच्या पट्टीला लावून ती ड्रमवर (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावर) आडवी धरा आणि ड्रम वरून हाताने फिरवा. पट्टी वर-खाली घासली तर हेड तुटते. कानातल्या कापसाच्या काड्या नकोत. धागा हेडच्या फटीत अडकतो. पंधरा मिनिटे वाळू द्या.

एवढे करूनही डगमगाट राहिला तर टाइम बेस करेक्टर लागतो, म्हणजे येणारी प्रत्येक फ्रेम आपल्याजवळ धरून ठरल्या वेळेला पुढे सोडणारे यंत्र. खरा व्यावसायिक टीबीसी महाग आणि दुर्मीळ. पण जुना डीव्हीडी रेकॉर्डर हे काम बऱ्यापैकी करतो. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ त्यासाठी जगभर ओळखले जातात. त्यावर रेकॉर्ड काहीच करायचे नाही. व्हीसीआरची वायर त्याच्या एव्ही इनमध्ये आणि त्याच्या एव्ही आउटची वायर कॅप्चर डबीत. चक्क मधला माणूस. कुणाच्या घरी असा रेकॉर्डर धूळ खात पडला असेल तर भंगारात देण्याआधी विचार करा. जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन २०१६ साली थांबवले, तेव्हा आता जे आहे ते जुन्या बाजारातलेच. व्हिडिओ-एट आणि हाय-एटवाल्यांना आणखी सोपी वाट आहे: सोनीचे काही डिजिटल-एट कॅमेरे या जुन्या कॅसेटी वाजवतात आणि थेट फायरवायरने डीव्ही, म्हणजे मिनीडीव्हीसारखेच डिजिटल चित्र, बाहेर देतात. डगमगाट कॅमेऱ्यातच निस्तरतो.

आता घड्याळ. चित्र यूएसबी डबीतून आणि आवाज संगणकाच्या लाइन-इनमधून घेतला, तर दोघांची स्फटिक-घड्याळे वेगळी. त्यांच्यात दहा हजारांत एक एवढा फरक असला तरी दर ४०० सेकंदांनी, म्हणजे ६ मिनिटे ४० सेकंदांनी, एका फ्रेमचा फरक पडतो. तासाला ९ फ्रेम. जुळवून घेण्यासाठी सॉफ्टवेअर फ्रेम काढते किंवा घालते, आणि आपण समजतो संगणक थकला. आवाजही त्याच डबीतून घ्या, ४८,००० हर्ट्झ, १६ बिट. ते शक्य नसेल तर व्हर्च्युअलडबच्या टायमिंगमध्ये आवाज ताणून चित्राशी जुळवण्याचा पर्याय निवडा. आवाजात दहा हजारांत एक ताण कानाला कळत नाही, गळलेली फ्रेम डोळ्याला कळते.

डिस्कबाबत तीन गोष्टी. पेन ड्राइव्हवर थेट उतरवू नका. त्याचा लिहिण्याचा वेग क्षणात चढतो, क्षणात बसतो. शिवाय तो फॅट३२ या जुन्या मांडणीचा असेल तर ४ जीबीला फाइल थांबते, म्हणजे डीव्हीची जेमतेम २० मिनिटे. डिस्क एनटीएफएस मांडणीची हवी आणि निदान पाव भाग मोकळी हवी. दुसरे, बाजारातल्या बऱ्याच स्वस्त बाह्य हार्ड डिस्क ‘शिंगल्ड’ पद्धतीच्या असतात: कौलांसारखे एकावर एक पट्टे चढवून लिहिणाऱ्या. सुरुवातीचा माल त्या राखीव जागेत झपाट्याने घेतात, ती भरली की एक कौल बदलायला शेजारची कौले उचलावी लागतात आणि डिस्क मधेच काही क्षण गप्प होते. डीव्हीला हे सहसा बाधत नाही, पण सेकंदाला २१ एमबीच्या ओघाला बाधते. स्वस्त एसएसडीही राखीव जागा भरल्यावर अशीच मंदावते. तिसरे आणि सगळ्यात नेहमीचे: फाइल डेस्कटॉपवर साठवायची आणि डेस्कटॉप वनड्राइव्ह या ऑनलाइन साठ्याला जोडलेला. म्हणजे लग्न उतरत असतानाच ते ढगात चढवण्याचाही खटाटोप सुरू. डी ड्राइव्हवर वेगळे फोल्डर करा आणि अँटीव्हायरसच्या तपासणीतून तेवढे फोल्डर वगळा. अख्खा अँटीव्हायरस बंद करायची गरज नाही.

यूएसबीची वायर कॅबिनेटच्या पुढच्या भोकात नको. तिथून मदरबोर्डपर्यंत आतली वायर बऱ्याचदा हलक्या प्रतीची असते. मागच्या बाजूला लावा. मधे हब नको, पाच मीटरपेक्षा लांब वायर नको, आणि त्याच हबवर बाह्य डिस्क तर नकोच नको. निळ्या (यूएसबी ३ च्या) भोकात डबी रुसत असेल तर काळ्या यूएसबी २ च्या भोकात लावून पाहा. ‘ईझीकॅप’ या एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या डब्यांमध्ये चार तऱ्हेच्या चिप निघतात, आणि एकीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपचा क्रमांक पाहून मगच ड्रायव्हर घाला. डबीची सेटिंग एनटीएससी या अमेरिकी पद्धतीवर राहिली असेल तर पाल सिग्नलवर पहिल्या सेकंदापासून गोंधळ होतो. हे सगळ्यात आधी पाहावे, पण कुणी पाहत नाही.

एचडीएमआयच्या स्वस्त डबीवर ‘४के’ छापलेले असते ते फक्त आत येणाऱ्या सिग्नलापुरते. यूएसबी २ वरून १०८० रेषांचे ३० फ्रेमचे चित्र दाबल्याशिवाय जात नाही: त्याला सेकंदाला १२४ एमबी लागतात आणि त्या तारेची कागदावरची मर्यादाच ६० एमबी. म्हणून फॉरमॅट वायूवाय२ (न दाबलेला) ठेवला तर ती डबी सेकंदाला पाचेक फ्रेम देते आणि लोक हैराण होतात. चित्र दाबून पाठवणारा एमजेपीईजी निवडा. आणि व्हीसीआर व या डबीच्या मधे एव्हीचे एचडीएमआय करणारी डबी टाकली असेल, तर बहुतेक डब्या ६० हर्ट्झने चित्र देतात. ५० चे ६० करताना हालचाल अडखळते. ती गळती नव्हे, पण दिसते तशीच. व्हीएचएससाठी हा मार्गच नको.

विंडोजमध्ये पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, हार्ड डिस्क झोपण्याची वेळ शून्य. लॅपटॉप चार्जरवर, खाली गादी नको. उन्हाळ्यात दुपारी तापून प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि वीस मिनिटांनी गळती लागते ती त्यामुळे. वाय-फाय बंद करून पाहा, त्याचा ड्रायव्हर कधी कधी बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवतो. लेटन्सीमॉन या मोफत प्रोग्रॅममध्ये कोण अडवतो ते नावानिशी दिसते. डीइंटरलेस (एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रे, म्हणजे फील्ड, मिळवून एक सलग चित्र करणे) उतरवतानाच करू नका, नंतर करा. डीव्हीत खालचे फील्ड आधी, व्हीएचएसच्या कार्डांत बहुधा वरचे आधी. उलटे धरले तर चित्र थरथरते.

फायरवायर आणि मिनीडीव्हीविषयी काही इशारे. सहा पिनांची पिन जोर लावून उलटी घालता येते, आणि तसे झाले की त्यातली वीज कॅमेऱ्याचे पोर्ट कायमचे जाळते. जोडणी नेहमी कॅमेरा बंद करून करा. आणि मिनीडीव्ही कॅमेऱ्याचे यूएसबी भोक बहुतेक मॉडेलांत फक्त फोटोंसाठी असते, टेपचा डीव्ही त्यातून येत नाही. विंडोज १० वर कार्ड ओळखूनही फ्रेम जात असतील तर डिव्हाइस मॅनेजरमधून त्याला ‘लीगसी’ (जुना) ड्रायव्हर द्या, आणि उतरवायला विनडीव्हीसारखा साधा प्रोग्रॅम घ्या. कॅमेऱ्यावर थेंबाची खूण किंवा ‘ड्यू’ दिसले तर एसीच्या खोलीतून दमट हवेत आणल्याने आत दव साचले आहे. झाकण उघडे ठेवून तासभर थांबा. मिनीडीव्हीत चित्रावर एकाआड एक ठोकळ्यांचे पट्टे आले तर दोनपैकी एक हेड मळले आहे. कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद, जास्त नाही.

ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांची एक फसगत होते. त्याच्या स्टॅट्समध्ये तीन आकडे असतात: रेंडरिंगमुळे हुकलेल्या, एन्कोडिंगमुळे वगळलेल्या आणि नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम. तिसरा फक्त थेट प्रक्षेपणाचा, रेकॉर्डिंगला त्याचा संबंध नाही. पहिला वाढला तर ग्राफिक्स, दुसरा वाढला तर प्रोसेसरवर भार. पण तिन्ही शून्य असले म्हणजे सगळे आले असे नाही! ओबीएस स्वतःच्या घड्याळाने चित्र रचतो. डबीने फ्रेम दिली नाही तर आधीचीच पुन्हा छापतो आणि कुठे नोंदही करत नाही. शिवाय त्याची मूळ गती ३० फ्रेम असते. ती २५ केली नाही तर दर पाच फ्रेममागे एक दोनदा येते आणि वरातीतली घोडी लंगडत चालल्यासारखी दिसते.

उतरवून झाल्यावर फाइल मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये उघडून फ्रेमची संख्या पाहा. तासाच्या ९०,००० हव्यात. ८९,९१० दिसल्या तर ३.६ सेकंद कमी आहेत. मात्र ‘इन्सर्टेड’ फ्रेम ही उणीव झाकतात, म्हणून उतरवतानाचा आकडाही लिहून ठेवा. टेपवर शूटिंग थांबवून पुन्हा सुरू केलेल्या जागी, किंवा शेवटच्या कोऱ्या भागात गेलेल्या फ्रेमांचे दुःख करू नये. मंगलाष्टकांत गेलेल्या चारांचे करावे आणि तेवढा तुकडा पुन्हा उतरवून मधे जोडावा.

ज्यांना हे सारे जमणार नाही ते स्टेशनजवळच्या एखाद्या दुकानात कॅसेटी देतात, त्यात गैर काही नाही. पण तिथून परत येते ती बऱ्याचदा ६४० बाय ४८० ची, ३० फ्रेमची, दाबून चिपाड केलेली एमपी४. कॅसेट देतानाच सांगा: ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, मूळ न दाबलेली फाइल माझ्या हार्ड डिस्कवर, आणि प्रत्येक कॅसेटीचा गळलेल्या फ्रेमांचा आकडा. पावतीवर नुसते ‘कॅसेट, ३ नग’ लिहिलेले असते. त्याच ओळीपुढे हे चारही लिहून घ्या, आणि आकडा द्यायला जो दुकानदार नाही म्हणेल त्याच्याकडून कॅसेटी तिथल्या तिथे परत मागा.

आपला,
एक वाचक, चरई, ठाणे (प.)